ब्लांशची ट्रंक

टेनेसी विल्यम्सच्या 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' या नाटकातली ब्लांश ड्युबॉइस खोटं बोलते, याबद्दल कुणाचंच दुमत नाही. ती वय चोरते. दारूला क्वचितच शिवते असं सांगते, आणि बहिणीच्या घरात पाऊल टाकल्यावर थोड्याच वेळात अर्धा ग्लास व्हिस्की घशाखाली उतरवून, ग्लास धुऊन जागच्या जागी ठेवते. शाळेतून काढून टाकलेलं असताना, मन थाऱ्यावर नव्हतं म्हणून रजा घेतली, असं भासवते. मिसिसिपीतल्या लॉरेल गावात फ्लमिंगो नावाच्या बदनाम हॉटेलात ती राहत होती, तिथं तिच्याकडे पुरुषांचं येणं-जाणं होतं, आणि शेवटी गावानं तिला जवळजवळ हाकलून दिलं. न्यू ऑर्लिन्सला आल्यावर यातलं अवाक्षरही ती काढत नाही. हे सगळं झाकून मिच नावाच्या साध्या, आजारी आईची सेवा करणाऱ्या माणसाशी लग्न ठरवायला बघते. ३ डिसेंबर १९४७ रोजी न्यूयॉर्कच्या एथेल बॅरीमोर थिएटरमध्ये या नाटकाचा पडदा उघडला. तेव्हापासून त्यावर चर्चा निघाली की फिरून फिरून एकच प्रश्न येतो: ब्लांशनं हे लपवलं का?

मला हा प्रश्न दुय्यम वाटतो. लपवण्याची कारणं नाटकात ढळढळीत समोर आहेत, ती शोधायला फार हुशारी लागत नाही. विचारायला हवं ते स्टॅन्लीला, ब्लांशच्या बहिणीच्या नवऱ्याला. मेव्हणीच्या आयुष्याची पाळंमुळं खणून काढायचा अधिकार त्याला कुणी दिला, आणि खणून त्यानं साधलं काय? माझं म्हणणं सरळ आहे. एखाद्या बाईचा भूतकाळ उकरून चव्हाट्यावर मांडला जातो तेव्हा सत्य क्वचितच हाती लागतं. हमखास होतं ते इतकंच, की यापुढे ती जे काही सांगेल त्याला किंमत उरत नाही. आणि ज्याला तिच्यावर हात टाकायचा असतो त्याची वाट मोकळी होते. हे १९४७ च्या न्यू ऑर्लिन्सपुरतं नाही. आपल्या न्यायालयांत, कचेऱ्यांत, लग्नाच्या बैठकींत आजही हेच चालू आहे, म्हणून हे नाटक पुन्हा नीट वाचायला हवं.

स्टॅन्ली कोवाल्स्कीची चौकशी कशी चालते ते जवळून बघा. पहिल्याच भेटीत तो व्हिस्कीची बाटली उजेडात धरून किती उतरली ते पाहतो, आणि गरमीत दारू लवकर संपते असं म्हणतो. चौकशी तिथंच सुरू झाली. दुसऱ्या प्रवेशात ब्लांश न्हाणीघरात असताना तो तिची ट्रंक उघडतो. ड्युबॉइस घराण्याची बेल रेव्ह ही जमीन हातची गेली असं बायकोकडून त्याला कळलेलं असतं. लुइझियानातल्या नेपोलियन कोड या कायद्याचा आधार घेऊन तो सांगतो की बायकोचं ते नवऱ्याचं, तेव्हा बायकोची फसवणूक झाली तर ती आपलीच. मग कपडे, फर, दागिने भराभर बाहेर येतात. ते दागिने नकली खड्यांचे आहेत हे त्याला कळत नाही. त्याची बायको, म्हणजे ब्लांशची बहीण स्टेला, समजावून सांगते, पण त्याला ऐकायचंच नसतं. ब्लांश बाहेर आल्यावर त्याचा हात पोचतो एका कागदांच्या जुडग्यापर्यंत. मेलेल्या नवऱ्यानं लिहिलेल्या कविता आणि पत्रं. 'तुमच्या हातांचा स्पर्श झाला, आता ती जाळून टाकीन,' या अर्थाचं ब्लांश बोलते. त्यानंतर ती जमिनीचे सगळे कागद त्याच्या ताब्यात देते. म्हणजे ज्या हिशेबासाठी ट्रंक उघडली, तो हिशेब तिनं दिला. चौकशी तिथं संपायला हवी होती. ती संपत नाही, कारण हिशेब हे निमित्त होतं.

जमीन गेली कशी, हे ब्लांश त्याच प्रवेशात सांगते, पण ते सहसा कुणी लक्षात ठेवत नाही. आजे, बाप, काके, भाऊ अशा पिढ्यान्‌पिढ्यांच्या पुरुषांनी आपल्या रंगेलपणापायी ती तुकड्या-तुकड्यांनी घालवली. उरलं ते घर, विसेक एकर जागा आणि त्यातलं दफनस्थान. त्यानंतर एकामागून एक मरणं झाली. स्टेला लहान वयातच घर सोडून निघून गेली होती. मरणाऱ्यांची सेवा, औषधपाणी, अंत्यविधी हे सगळं शिक्षिकेच्या तुटपुंज्या पगारात निभावलं ते ब्लांशनं. पुरुषांच्या व्यभिचारानं इस्टेट बुडाली आणि जाब विचारला गेला तो शेवटपर्यंत घरात थांबलेल्या बाईला. त्या पूर्वजांचा भूतकाळ कुणी उकरला नाही. त्यांच्या पोरीबाळींची लग्नं त्यामुळे मोडली नाहीत.

स्वतः स्टॅन्लीच्या बाबतीतही तेच. पत्ते खेळायच्या रात्री तो दारूच्या नशेत रेडिओ खिडकीबाहेर फेकतो, गरोदर बायकोवर हात उचलतो. सगळ्या आळीला ठाऊक आहे. वरच्या मजल्यावरच्या युनिसच्या घरातही असंच चालतं. हे उघड आहे, रोजचं आहे, म्हणून त्याला 'भूतकाळ' असं कुणी म्हणतच नाही. पुरुषाचं वागणं डोळ्यांदेखत घडलं तरी त्याचा पुरावा होत नाही, आणि बाईचं वागणं तीन गावं पलीकडून ऐकीव बातमीत आलं तरी त्याचा निकाल लागतो. स्टॅन्लीची माहिती आली कुठून? कंपनीसाठी लॉरेलला जाणारा एक माणूस सांगतो, मग एक दुकानदार, मग आणखी कुणी. सगळे पुरुष. त्यांना फ्लमिंगोची माहिती कशी, हा प्रश्न नाटकात एकही पात्र विचारत नाही. प्रेक्षकांतूनही मी तो क्वचितच ऐकला आहे.

आता अवघड भागाकडे येतो, कारण तो टाळून ब्लांशची बाजू घेणं अप्रामाणिकपणाचं होईल. तिच्या नोकरी सुटण्यामागे सतरा वर्षांच्या एका विद्यार्थ्याशी आलेला संबंध आहे. ही बाब 'खासगी आयुष्य' म्हणून सोडून देता येणार नाही. शिक्षकाच्या हाती मुलं सोपवलेली असतात. त्या मुलाच्या बापानं तक्रार केली आणि शाळेनं तिला काढलं, हे योग्यच झालं. ती दुसऱ्या गावी पुन्हा वर्गावर उभी राहायला निघाली असती तर तिथल्या शाळेला हे कळायलाच हवं होतं. भूतकाळाचा काही भाग असा असतो की ज्यांचं त्यामुळे नुकसान होऊ शकतं त्यांचा त्यावर हक्क असतो. पण तो हक्क त्यांचा, आणि त्या कारणापुरता. स्टॅन्लीला त्या मुलाची काडीची फिकीर नाही. तो ही गोष्ट सांगतो ती बाकीच्या गोष्टींबरोबर एका गाठोड्यात बांधून. हॉटेल, सैनिक, विद्यार्थी, वय, दारू, सगळं एकाच दमात. अपराध आणि बदनामी यांची अशी भेसळ केली की अपराधाचा विचार होत नाही आणि बदनामीचं काम फत्ते होतं.

आणि मिच? त्याला कळायला नको होतं का? लग्न करायला निघालेल्या माणसाला समोरच्याबद्दल जाणून घ्यायचा हक्क नाही का? आहे. म्हणूनच सहावा प्रवेश फार महत्त्वाचा. त्या रात्री ब्लांश त्याला आपल्या आयुष्यातली सगळ्यांत खोल जखम आपणहून उघडून दाखवते. कोवळ्या वयात तिनं अ‍ॅलन ग्रे नावाच्या मुलाशी लग्न केलं होतं. एके दिवशी ती अचानक खोलीत शिरली, आणि नवरा एका वयानं मोठ्या, जुन्या ओळखीच्या पुरुषाबरोबर तिच्या नजरेला पडला. काही घडलंच नाही असं दाखवत तिघं मून लेक कसिनोला गेले. नाचता-नाचता तिच्या तोंडून निघून गेलं: मी पाहिलं, मला माहीत आहे, तुझी किळस येते. तो नाच सोडून धावत बाहेर गेला आणि तळ्याकाठी त्यानं स्वतःवर गोळी झाडली.

माझ्या मते सगळं नाटक या वाक्यावर तोललेलं आहे. ब्लांशनं नवऱ्याचं झाकलेलं उघडं पाडलं. ती खोटं बोलली नव्हती, तिनं पाहिलं ते खरंच होतं. पण त्या खऱ्याचा वार एका माणसाला जगू देईना. समलिंगी संबंध तेव्हा अमेरिकेत सगळीकडे गुन्हा होता. तो कायदा रद्द करणारं पहिलं राज्य इलिनॉय, आणि तेही १९६२ मध्ये. विल्यम्सला हे जगणं आतून माहीत होतं, तो स्वतः समलिंगी होता. उघडं पडण्याचा अर्थ काय असतो हे ब्लांशला त्या रात्री कळलं, आणि तेव्हापासून ती उजेडापासून पळते. कागदी कंदील, मंद दिवे, तासन्‌तास आंघोळी यांना केवळ वय लपवणाऱ्या बाईचा नखरा समजणं म्हणजे नाटक अर्धंच वाचणं. तिनं दुसऱ्यावर टाकलेला झगझगीत प्रकाश एका माणसाचा जीव घेऊन गेलेला आहे.

हे ऐकूनही मिच तिला जवळ घेतो. त्याला तेव्हा ती हवी असते. दोनेक प्रवेशांनंतर स्टॅन्लीकडून बाकीचं कळल्यावर तो दारू पिऊन येतो, बल्बवरचा कागदी कंदील ओरबाडून काढतो आणि लख्ख उजेडात तिचा चेहरा पाहू मागतो. मला वास्तव नको, जादू हवी, असं ती म्हणते ते इथंच. त्यानंतर ती काहीच लपवत नाही. फ्लमिंगो, अनोळखी पुरुष, त्या मुलाची गोष्ट, सगळं सांगते. मिचला सत्य हवं होतं ना? ते त्याला मिळालं, तिच्या तोंडून, पूर्ण. त्यावर तो काय करतो? सबंध उन्हाळाभर जे मिळालं नाही ते आता घ्यायला पुढे सरसावतो. लग्न कर, असं ती म्हणते तेव्हा, माझ्या आईच्या घरात नेण्याइतकी तू स्वच्छ नाहीस, असं तिला सुनावतो. बिछान्यासाठी चालेल, उंबरठ्यासाठी नाही. हा एका माणसाचा राग आहे असं समजू नका. बाईचा भूतकाळ कळला की तिच्या 'नाही'चं वजन कसं कमी धरलं जातं, ते या एका प्रवेशात पुरतं दिसतं. ब्लांशला 'आग, आग' असं ओरडून त्याला घराबाहेर काढावं लागतं.

पुढच्या प्रवेशात, स्टेला बाळंतपणासाठी इस्पितळात असताना, स्टॅन्ली ब्लांशवर बलात्कार करतो. आणि शेवटच्या प्रवेशात सगळ्या चौकशीचं फळ समोर येतं. ब्लांशनं बहिणीला घडलेलं सांगितलं आहे. या नाटकात तिनं सांगितलेली ही सर्वांत महत्त्वाची खरी गोष्ट, आणि ती कुणी मानत नाही. स्टेला युनिसला म्हणते की तिची गोष्ट खरी मानून मला स्टॅन्लीबरोबर राहता येणार नाही. युनिस सांगते, खरी मानूच नकोस, आयुष्य पुढे चालू राहिलं पाहिजे. या दोन ओळी मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा थांबतो. स्टेला दुष्ट नाही. तिच्या कडेवर तान्हं मूल आहे, हाती पैसा नाही, जायला जागा नाही. तिला अविश्वास ठेवायला कारण हवं होतं, आणि ते कारण स्टॅन्लीनं आधीच तयार करून ठेवलं होतं: ही खोटारडी आहे, हिचा इतिहास बघ. बलात्काराच्या आधीच साक्षीदाराची साक्ष मारून झाली होती. मग डॉक्टर आणि परिचारिका येतात आणि ब्लांशला मनोरुग्णालयात घेऊन जातात.

विल्यम्सनं हे हवेतून काढलं नव्हतं. त्याची सख्खी बहीण रोझ हिच्या मेंदूवर १९४३ मध्ये लोबोटमीची शस्त्रक्रिया झाली आणि उरलेलं आयुष्य तिनं बहुतांशी संस्थांमध्ये काढलं. घरातल्या नकोशा बोलणाऱ्या बाईला वेडी ठरवून गप्प करता येतं, हे त्यानं आपल्याच कुटुंबात पाहिलं होतं.

प्रेक्षकानं मात्र बऱ्याचदा स्टॅन्लीचीच बाजू घेतली. एलिया कझाननं बसवलेल्या त्या पहिल्या प्रयोगात मार्लन ब्रँडोचा स्टॅन्ली इतका जिवंत आणि लोभस होता की समीक्षक हॅरल्ड क्लर्मननं तेव्हाच नोंदवून ठेवलं, हा प्रेक्षकांच्या संगनमतानं स्टॅन्लीचा विजय होतो आहे. समोर जेसिका टँडीसारखी ताकदीची नटी असूनही. ढोंग उघडं पडताना पाहायला माणसांना आवडतं. १९५१ च्या चित्रपटात सेन्सॉरच्या दडपणानं अ‍ॅलनच्या समलिंगी असण्याचा उल्लेख गाळला गेला, आणि गुन्हेगाराला शिक्षा दिसलीच पाहिजे म्हणून स्टेला बाळ घेऊन नवऱ्याला सोडते असा शेवट केला गेला. व्हिव्हियन लीनं त्यात जीव ओतला आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तो शेवट प्रेक्षकाला सोडवतो. नाटक सोडवत नाही. नाटकात स्टेला तिथंच राहते, पत्त्यांचा डाव पुन्हा सुरू होतो. मला हा निष्ठुर शेवटच खरा वाटतो.

आपल्याकडे या नाटकाची एक लक्षणीय वाट आहे. विजय तेंडुलकरांनी त्याचा 'वासनाचक्र' या नावानं मराठी अनुवाद केला. आणि 'शांतता! कोर्ट चालू आहे' तेंडुलकरांचंच, १९६७ मध्ये 'रंगायन'नं केलेलं, अरविंद देशपांडे यांनी बसवलेलं, सुलभा देशपांडे यांच्या लीला बेणारेनं मराठी रंगभूमीला हादरवणारं. एकातून दुसरं जन्मलं असा माझा दावा नाही. पण दोन्हींची हाडं एकच आहेत. तिथंही एक शिक्षिका आहे. तिथंही सहकारी माहितीचे तुकडे जमवतात, कुणी ऐकलं, कुणी पाहिलं. खेळ म्हणून सुरू झालेला खटला पंधराव्या वर्षी मामानं तिच्याशी जे केलं तिथपर्यंत जाऊन पोचतो. ज्या प्रोफेसर दामल्यांचं मूल तिच्या पोटात आहे ते रंगमंचावर पाऊलही ठेवत नाहीत. आरोप भ्रूणहत्येचा, आणि शिक्षा म्हणून गर्भ नष्ट करण्याचा हुकूम. बेणारे शेवटी आपली बाजू मांडते तेव्हा भोवतालची सगळी पात्रं थिजलेली असतात. प्रेक्षक ऐकतो, न्यायालय ऐकत नाही.

मराठी माणसाला बेणारेविषयी कणव वाटते, ते स्वाभाविक आहे. तिनं कुणाला फसवलेलं नाही. तिची बाजू घेताना आपलं काही पणाला लागत नाही. म्हणून मी ब्लांश निवडली. ब्लांश खोटं बोललेली आहे, एका अजाण मुलाशी तिचं वागणं चुकलेलं आहे, आणि तरीही त्या रात्रीबद्दल ती जे सांगते ते खरं आहे. निष्कलंक बाईवर विश्वास ठेवणं सोपं असतं. न्यायव्यवस्थेची आणि समाजाची परीक्षा ब्लांशपाशी होते.

आणि त्या परीक्षेत आपण कसे बसलो, याची नोंद आपल्याच राज्यात आहे. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. तिचं नाव मी इथं लिहीत नाही, ते आजवर फार वेळा लिहून झालं आहे. सत्र न्यायालयानं १९७४ मध्ये पोलिसांना सोडलं. मुलीला लैंगिक संबंधांची सवय होती आणि ती धडधडीत खोटं बोलते, असे शेरे मारले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं तो निकाल फिरवून शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. सवय होती, खोटारडी आहे. स्टॅन्लीची दोन वाक्यं, न्यायाधीशाच्या लेखणीतून.

दुसरं प्रकरण कमी आठवलं जातं. महाराष्ट्रातल्या एका पोलीस निरीक्षकानं रात्री एका बाईच्या झोपडीत शिरून तिच्यावर बळजबरीचा प्रयत्न केल्याचा आरोप होता. खात्यानं चौकशी करून त्याला बडतर्फ केलं. मुंबई उच्च न्यायालयानं ती कारवाई रद्द करताना मत मांडलं की अशा चारित्र्याच्या स्त्रीच्या एकटीच्या शब्दावर सरकारी अधिकाऱ्याचं भवितव्य धोक्यात घालणं बरं नाही. त्या बाईनं आपल्या आयुष्यातल्या गोष्टी स्वतःच प्रांजळपणे सांगितल्या होत्या, आणि तोच प्रांजळपणा तिच्या विरोधात गेला. ऑक्टोबर १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे फेटाळलं. अशा स्त्रीलाही खासगीपणाचा हक्क आहे, कुणीही यावं आणि तिच्या घरात, शरीरावर आक्रमण करावं असा त्याचा अर्थ होत नाही, आणि तिचा इतिहास ठाऊक असला म्हणून तिची साक्ष फेकून देता येणार नाही, फार तर ती सावधपणे तपासावी. आपल्या न्यायव्यवस्थेनं ब्लांशच्या बाजूनं दिलेल्या निकालांत मी याला वरचं स्थान देतो, कारण त्यात बाईला आधी सती-सावित्री ठरवण्याची धडपड नाही.

कायदा पुढे सरकत राहिला, पण किती सावकाश ते पाहा. १८७२ च्या पुरावा कायद्यातल्या कलम १५५(४) नुसार बलात्काराच्या खटल्यात तक्रारदार स्त्री अनैतिक चारित्र्याची आहे असं दाखवून तिची विश्वासार्हता मोडायची रीतसर मुभा होती. ते कलम गेलं २००२ च्या दुरुस्ती कायद्यानं. म्हणजे एकशे तीस वर्षं स्टॅन्लीसारखं बाईची ट्रंक उघडणं कायदेशीर होतं. २०१३ च्या दुरुस्तीनं पूर्वीचा लैंगिक अनुभव संमतीच्या प्रश्नावर गैरलागू ठरवला, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद कायम आहे. तक्रारदार स्त्रीला लैंगिक संबंधांची सवय आहे का ते बघणारी दोन बोटांची अमानुष चाचणी सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्येच घटनाविरोधी ठरवली होती. तरी ती चालूच राहिली, म्हणून ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की यापुढे ही चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. जी गोष्ट एकदा बंद केली ती पुन्हा बंद करावी लागते, यावरून सवय किती मुरलेली आहे ते कळतं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: आरोपी पुरुषानं मग बचाव करायचा कसा? तक्रारदार खोटं बोलत असेल तर ते दाखवायला नको? जरूर दाखवावं. ती त्या रात्री तिथं नव्हती हे दाखवा, तिच्या जबाबात त्या घटनेबद्दल विसंगती आहे हे दाखवा, दोघांमधला जुना पैशाचा वाद दाखवा. हे सगळं घटनेबद्दल आहे आणि त्याची उलटतपासणी कठोरच असली पाहिजे. पण ती पूर्वी कुणाबरोबर होती, कोणत्या हॉटेलात राहिली, यावरून त्या रात्रीबद्दल काहीच सिद्ध होत नाही. ब्लांशनं वयाबद्दल शंभर वेळा खोटं सांगितलं तरी स्टॅन्लीनं दहाव्या प्रवेशात जे केलं ते बदलत नाही.

कोर्टाबाहेर तर कोणतंच कलम लागू नाही. स्थळ बघताना मुलीची चौकशी करायला माणसं तिच्या कॉलेजपर्यंत, जुन्या भाड्याच्या खोलीपर्यंत पोचतात. मुलाबद्दल पगार आणि फ्लॅट विचारला की काम भागतं. तक्रार केलेल्या मुलीचे जुने फोटो, जुन्या गप्पांचे स्क्रीनशॉट गटागटांतून फिरतात, आणि ते पुढे पाठवणारी माणसं स्वतःला सत्यशोधक समजतात. त्यांतला फोटो खरा असतो, गप्पा खऱ्या असतात. स्टॅन्लीचीही माहिती खरीच होती. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. मी त्याचा अर्थ असाही घेतो की माणसाला आपल्या मागच्या आयुष्याचं दार स्वतःच्या हातानं, स्वतः निवडलेल्या माणसासमोर, स्वतःच्या वेळी उघडता आलं पाहिजे. ब्लांश मिचसमोर तेच करत होती. अ‍ॅलनची गोष्ट तिनं सांगितलीच होती. बाकीचं कधी सांगितलं असतं की नाही हे आपल्याला कळायचा मार्ग स्टॅन्लीनं बंद केला.

नाटक करणाऱ्यांकडून माझी एक मागणी आहे. हे नाटक पुन्हा मराठीत उभं करणाऱ्या दिग्दर्शकानं युनिस-स्टेलाच्या त्या दोन ओळी उरकून टाकू नयेत. बहुतेकांचं लक्ष ब्लांशच्या जाण्याकडे, अनोळखी माणसांच्या दयाळूपणावर विसंबून राहण्याच्या तिच्या प्रसिद्ध उद्गाराकडे लागलेलं असतं, आणि निकाल त्याआधीच, बॅगा भरता-भरता, दोन बायकांनी हळू आवाजात लावलेला असतो.

त्या दोन बायकांची जागा आज कायद्यानं प्रत्येक कचेरीत तयार झालेली आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबतच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथं अंतर्गत समिती सक्तीची आहे आणि तिची अध्यक्ष स्त्रीच असावी लागते. या समित्यांसमोर 'ती आधीच्या नोकरीतही अशीच होती' हे वाक्य कुणी ना कुणी घेऊन येणारच. अध्यक्ष बाईंनी पहिल्याच बैठकीत इतिवृत्तात लिहून घ्यावं की तक्रारदाराच्या पूर्वायुष्याबद्दलचा कोणताही प्रश्न, कागद किंवा स्क्रीनशॉट या चौकशीत दाखल होणार नाही. आणि तसा कागद कुणी टेबलावर ठेवलाच, तर न वाचता, त्याच्यासमोरच परत करावा.